पेट्रोलातलं विरजण

मामांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि सोप्यात ‘टिंग’ असा बारीक आवाज झाला.

“कुणी हलायचं न्हाई,” जमिनीवर बसलेली मुलगी म्हणाली.

माझा एक पाय आत होता, एक बाहेर. तो तसाच राहिला. मामांचं मात्र अवघड झालं. जयसिंगमामा म्हणजे आमच्या कोरेगावच्या बाजूचं बडं प्रस्थ. सोयरीक जमवावी तर जयसिंगरावांनीच, असा सगळ्यांचा समज, आणि त्यांचा स्वतःचा त्याहून पक्का. डोक्याला गुलाबी फेटा, मिशीला पीळ, काखेत छत्री. त्यांना उंबऱ्यातच दटावणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, निदान तोवर आमची तशी समजूत होती.

“आम्ही मुलगी बघायला आलोय,” मामा ताठ उभं राहून म्हणाले.

“ती मीच. पण आधी क्लिप बघूया. तुमच्या पायाखाली आसंल.”

मामांनी चक्क एक पाय वर उचलला. मामा कुणाचं ऐकताहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या पोटात हसू दाटून आलं. ते मी दाबलं. हसू दाबण्याचा मला दांडगा सराव होता.

मी धैर्यशील बर्गे. हे नाव आजोबांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं. प्रत्यक्षात मला साहेबांसमोर शिंक आली तरी ती मी गिळायचो. दूध संघात फॅट तपासायची नोकरी, घरी आई, आणि लग्नाचं वय उलटून चाललेलं. आईला पसरणीचा घाट सोसत नाही, गाडी लागते, म्हणून तिनं मला मामांच्या हवाली केलं होतं. एसटीत मामांनी मला बजावलं होतं, की विचारलं तेवढंच बोलायचं, मुलीच्या बापाला जे पटतं ते आपल्याला पटतं असं दाखवायचं, आणि पोहे उरवायचे नाहीत. संध्याकाळी मेढ्याला आणखी एक मुलगी बघायची होती, त्यामुळे इथं वेळ घालवायचा नव्हता.

पाचगणीच्या अलीकडे उतारावर आंबदरे म्हणून गाव आहे, तिथलं हे राजपुऱ्यांचं घर. मुलीचं नाव सारिका. मुलगी लाजत पोह्यांचा ट्रे घेऊन येईल आणि मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसेन, एवढीच माझी तयारी होती. इथं ती बाह्या मागे सारून वर्तमानपत्रांवर मांडी घालून बसली होती. गालावर काळा ओरखडा. परातीत नट-बोल्ट, टोपात रॉकेल, रॉकेलात भिजत पडलेले लोखंडाचे तुकडे. आणि मधोमध पाटावर, लग्नात नवरदेवाला बसवतात तसं, एक इंजिन. त्याचं डोकं उतरवून बाजूला ठेवलं होतं आणि पोटातून चकचकीत नवा पिस्टन वर आला होता. खालच्या भोकात जुन्या साडीचा बोळा कोंबला होता.

आतून सारिकाची आई, मालनकाकी, आली. तिनं आधी आम्हाला पाहिलं, मग इंजिनाला, आणि कपाळाला हात लावला. “आत्ताच काढलं वो पुसायला,” ती म्हणाली. हे वाक्य तिनं आधीही बऱ्याचदा म्हटलेलं असावं असं मला वाटलं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

सारिकानं आम्हाला समजावून सांगितलं. पिस्टनमधून आडवी पिन जाते. ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही तोंडांना तारेची एक-एक बारीक कडी बसवतात. एक कडी बसली होती. दुसरी बसवताना चिमट्यातून निसटली, ती उडाली.

“एकीवर नाही का भागत?” मामांनी विचारलं. त्यांचा पाय अजून वरच होता.

“भागतं की. पिन सरकत जाती, ब्लॉक फाडती, आणि मग समदंच भंगारात जातं.” ती माझ्याकडे वळली. “तुम्ही तरी तो पाय आत घ्या. वारं येतंय.”

मी पाय आत घेतला आणि का कोण जाणे, सरळ गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागलो. मामांनी घसा खाकरला. मुलगी बघायला आलेल्या मुलानं फरशी चाचपावी हे त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

तेवढ्यात गोठ्याकडून अण्णा आले. सारिकाचे वडील, उत्तमराव राजपुरे. उंच, काटक, पांढरीशुभ्र टोपी, आणि चेहऱ्यावर कायम कुणाचा तरी कॅन तपासून आल्यासारखा भाव. ते गावच्या दूध डेअरीचे चेअरमन होते. या माणसानं एकदा सख्ख्या भावाच्या दुधात पाणी सापडलं म्हणून अख्खा कॅन भर रस्त्यात ओतला होता, ही गोष्ट आमच्या संघातसुद्धा ऐकून माहीत होती. मी फॅट तपासतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं बोलणी इथंच पक्की होतात.

पण त्यांचं लक्ष पाटाकडे गेलं आणि उजेड मावळला. पाहुण्यांना सांगून टाकलेलं बरं, असं म्हणत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं स्ट्रॉबेरीचं रान खाली दरीत. वाट एवढी अरुंद, की ट्रॅक्टर जात नाही. पेट्या डोक्यावरून वर आणायच्या, मायलेकींनी. मालनकाकीची मान त्यानं कायमची वाकडी झाली होती. म्हणून सारिकाच्या हट्टानं त्यांनी पाचगणीत पर्यटकांना फेऱ्या मारवणाऱ्या एकाकडून ही जुनी चार चाकांची मोटारसायकल आणली. पर्यटक पॉइंटवर उडवतात ती. गावात तिला बेडकी म्हणायचे. बेडकीनं आठवडाभर पेट्या वाहिल्या आणि एके दिवशी चढावर किंचाळून जाम झाली.

“मशिनच नासकं निघालं,” अण्णा म्हणाले. “आता ही म्हंती नवा पिस्टन घातलाय, ब्लॉक आतनं घासून आणलाय. मी म्हनलं, बास. आज पाव्हणे जायच्या आत सुरू झाली तर ऱ्हाईल. न्हाईतर रफिकभाईला सांगितलंय, टेंपू घिऊन येतोय. घरात ह्ये आसलं मांडलेलं बघून चार पाव्हणे माघारी गेले.”

सारिका जुन्या साडीच्या फडक्यानं पिस्टन पुसत राहिली. तिच्या आईची मान, तिचं मशीन, दोन्ही त्या तारेच्या कडीवर लटकलं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि मी आणखी जोरानं फरशी चाचपू लागलो.

पोहे आले. पोह्यांबरोबर नवी भीती आली. कडी उडाली तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, मालनकाकी समोरच पोहे परतत होती. म्हणजे कडी पोह्यांत असू शकत होती. सारिकानं सगळ्यांना सांगितलं, सावकाश चावा आणि काही कडक लागलं तर गिळू नका. त्यानंतर त्या सोप्यात जे पोहे खाल्ले गेले तसे मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. मामा, अण्णा आणि मी, तिघं तीन दिशांना बघत, एकेक दाणा दातांखाली तपासत खात होतो. मध्येच मामांचा चेहरा बदलला. सगळे त्यांच्याकडे झुकले. मामांनी दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढून उजेडात धरलं. करवंटीचा कपचा निघाला. मालनकाकी लाजून आत पळाली आणि आतून तिचं खुदखुदणं ऐकू आलं.

एवढ्यात दारात टेंपो थांबला. वाईचे रफिकभाई, भंगारवाले. गोल चेहरा, गळ्यात रुमाल. त्यांनी आत डोकावून विचारलं, “आण्णा, चढवू का?”

“थांबा,” सारिका म्हणाली. “पाव्हणे अजून गेले न्हाईत.”

“मग मी बी पाव्हणा,” असं म्हणून रफिकभाई बूट काढून आत आले आणि त्यांनाही पोह्यांची बशी मिळाली, सावकाश चावायच्या सूचनेसकट. कडीची हकीकत ऐकल्यावर त्यांनी टेंपोतून दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणलं. लोखंड की पितळ हे ओळखायला ते त्यांना लागायचं. मग रफिकभाई चुंबक लोंबकळवत सोपाभर हिंडू लागले. ते पुढे, मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर, आणि माझ्या मागे घरची कोंबडी, काहीतरी खायला सापडेल या आशेनं. चुंबकाला एक टाचणी सापडली, एक बेअरिंगचा छर्रा सापडला, मालनकाकीची कधी हरवलेली सुईही सापडली. कडी काही सापडेना.

“कॉटखाली बघायचं ऱ्हायलंय,” सारिका म्हणाली.

कॉट भिंतीला लागून होती, खाली पोती आणि कांदे. मामांनी माझ्याकडे डोळे वटारले. नवा शर्ट होता, आईनं इस्त्री केलेला. मी त्या शर्टानिशी पोटावर पडलो आणि कॉटखाली शिरलो. बाहेर फक्त माझे पाय राहिले.

मी कांद्यांत हात घालून चाचपत असताना वर अण्णांचा आवाज आला. त्यांना अचानक सुचलं होतं, की घरात दूध संघाचा माणूस आलाय तर एका गोष्टीचा निकाल लावून घ्यावा.

“पाव्हणं, तुमी तपासनीस. तुमीच सांगा. ह्या पोरीला वाईच्या मेस्त्रीनं सांगितलं, की ह्या मशिनच्या पेट्रोलात तेल मिसळायचं. मी जल्मात ट्रॅक्टर आनी एसटी सोडून कशात बसलो न्हाई, पर एवढं कळतंय. चांगलं सोनचाफ्यावानी पेट्रोल, त्यात तेल वतायचं? ह्याला भेसळ न्हाई तर काय म्हंत्यात? ज्यानं दुधात थेंब पाणी पडू दिलं न्हाई, त्यानं सोताच्या घरात भेसळ करायची? मी टाकीला निर्मळ पेट्रोल घातलं. कॅनची किल्ली माझ्या करगोट्याला हाय. बरोबर का चूक?”

कॉटखाली मला सगळं लख्ख दिसलं. बेडकी नासकी नव्हती. माझ्या जुन्या स्कूटरसारखीच या इंजिनालाही तेलाची वेगळी जागा नसते, ते पेट्रोलाबरोबर येतं तेवढंच. अण्णांनी तिला आठवडाभर कोरडं पळायला लावलं होतं, प्रामाणिकपणापायी. आज कडी सापडली, इंजिन जुळलं, सुरू झालं, तरी अण्णा पुन्हा निर्मळ पेट्रोलच घालणार, आणि ती पुन्हा चढावर किंचाळणार.

वरून मामांचा आवाज आला. “अगदी बरोबर बोललात, अण्णा. आमच्या धैर्याचंही तेच मत असणार.” त्याबरोबर माझ्या घोट्याला छत्रीचं टोक टोचलं. अर्थ स्पष्ट होता.

मला तिथून फक्त पाय दिसत होते. मामांच्या अजून न काढलेल्या कोल्हापुरी वहाणा. अण्णांचे भेगाळलेले, घट्ट रोवलेले पाय. रफिकभाईंचे मोजे. आणि पाटाशेजारी सारिकाची पावलं, ज्यांची बोटं आत वळून फरशी धरून बसली होती. माणसाचा चेहरा दिसला की मला बोलणं जमत नाही. पावलांपुढे मात्र जमलं. तोंडात कांद्याची साल गेली होती, ती मी थुंकली.

“अण्णा, चूक,” मी म्हणालो.

वर पोह्यांची बशी फरशीवर आपटली. कोंबडी दचकली.

“काय म्हनलं?” अण्णांनी विचारलं.

“चूक आहे, म्हणालो. तुम्ही दुधात विरजण घालता ना? मग ती काय भेसळ झाली? दूध निर्मळच ठेवलं तर दही लागेल का? भेसळ म्हणजे दुसऱ्याला फसवायला घातलेलं. हे विरजण आहे. इंजिनाला लागतंच. त्याच्याविना ते आतल्या आत घासून मरतं.”

एवढं बोलून माझा धीर संपला. मामांची छत्री आता टोचत नव्हती, म्हणजे मामांनी माझा नाद सोडला होता. मी कांद्यांत तोंड खुपसून वाट बघू लागलो. आता मला इथंच राहू द्यावं, रात्री सगळे झोपल्यावर मी निघून जाईन, असंही मनात येऊन गेलं.

अण्णांचे पाय जागचे हलले. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग थांबले.

“विरजान किती?” अण्णांनी विचारलं.

“लिटरला तीन-चार मोठे चमचे.”

“जास्त झालं तर?”

“धूर फार होतो. दही आंबट झाल्यासारखं समजा.”

अण्णा जड आवाजात म्हणाले, “म्हंजी मीच मारलं व्हय तिला.”

अण्णांसारख्या माणसाला हे म्हणायला काय लागलं असेल ते त्या सोप्यातल्या सगळ्यांना समजत होतं. मालनकाकी दारात येऊन उभी राहिली होती, तिची पावलं मला दिसली.

तेवढ्यात सारिका अगदी शांतपणे म्हणाली, “रफिकचाचा, जरा पाव्हण्यांच्या फेट्यापाशी धरा बरं चुंबक.”

मामा भडकले. फेट्याला हात म्हणजे इज्जतीला हात, हे त्यांनी चढ्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं. रफिकभाई म्हणाले, हात कुठं लावतोय, दोरी तर आहे. मी कॉटखालून मागे सरकत बाहेर आलो तेव्हा मामा सोप्याच्या मधोमध डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या डोक्याभोवती चुंबक आरती ओवाळावी तसं फिरत होतं. तुऱ्याच्या खाली, दुसऱ्या घडीपाशी ते थबकलं. ‘टक’ असा आवाज आला आणि कडी चुंबकाला चिकटली.

त्यानंतर कुणी दाबू म्हटलं तरी हसू दाबलं जाईना. आधी मालनकाकी फुटली, मग रफिकभाई, मग अण्णा, आणि अण्णा हसले म्हणजे आता हरकत नाही असं समजून मी. हसता हसता मला कांद्याचा ठसका लागला. सारिकानं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यावर तिच्या बोटांचे काळे ठसे होते. मी त्या ठशांवरच बोटं ठेवून पाणी प्यायलो. मामा फेटा सोडून पुन्हा बांधायला आतल्या खोलीत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग काम सुरू झालं. कडी बसली. वरून ब्लॉक, म्हणजे पिस्टनचं नळकांडं, खाली बसवायचा होता. पिस्टनच्या रिंगा बोटांनी चिमटीत दाबून धरायच्या, तेव्हा ब्लॉक त्यांच्यावरून खाली सरकतो, आणि त्याला दोन माणसं लागतात. सारिकानं ब्लॉक धरला, मी रिंगा दाबल्या. “हळू,” ती म्हणाली. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. ब्लॉक सरकन खाली बसला आणि माझं बोट थोडक्यात वाचलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “हात बरा हाय तुमचा.” मला आजवर कुणी कशालाच बरं म्हटलं नव्हतं. माझे कान एवढे तापले की ते तिला दिसले असणार.

उतरवलेलं डोकं वर बसवून त्याचे नट तिनं समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. मग अण्णा, रफिकभाई, मी आणि सारिका, असं चौघांनी पाटासकट इंजिन उचलून अंगणात नेलं. मालनकाकी पुढे वाट मोकळी करत चालली होती. कुणा शेजाऱ्यानं पाहून विचारलं, कुठला देव निघाला. रफिकभाई म्हणाले, बघूया, पावला तर सांगतो.

बेडकी अंगणात शेवग्याखाली उभी होती. इंजिन तिच्यात बसवून चेन, केबल जोडेपर्यंत मामांची मेढ्याची एसटी वर पाचगणीच्या रस्त्यावरून भोंगा वाजवत निघून गेली. मामा ओट्यावर बसून नुसतं बघत राहिले.

अण्णांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि कॅनचं कुलूप काढलं. आता तेल कुठून आणायचं असा प्रश्न पडला, तर मालनकाकीनं पिठाच्या डब्यामागून एक भरलेली बाटली आणून पुढ्यात ठेवली.

“ही कवापासनं हितं?” अण्णांनी विचारलं.

“हाय तवाधरनं,” काकी म्हणाली आणि पदर डोक्यावर सारखा करून बाजूला झाली.

तेल अण्णांनी स्वतः मोजलं. डेअरीतलं माप आणलं, उजेडात धरून डोळ्याच्या रेषेत आणलं, एक थेंब जास्त झाला तो परत बाटलीत सोडला. कॅन हलवताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. आमच्याकडे विरजण लावताना जुन्या बायका तसं पुटपुटतात.

सारिकानं किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. बेडकीनं नुसता उसासा टाकला. रफिकभाईंनी नकळत टेंपोकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. सारिकाच्या कपाळावर घामाचे थेंब आले. तिनं प्लग काढला, ओढणीला पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. “तुम्ही मारा,” ती मला म्हणाली. मी आजोबांनी ठेवलेलं नाव घेतलं, म्हणजे स्वतःचंच, आणि किक मारली.

बेडकी एकदा खोकली. मग ढर्र करून अशी पेटली, की शेवग्यावरचे कावळे उडाले, कोंबडी थेट माळ्यावर गेली, आणि अंगणभर निळसर धूर झाला. धुरात कोण कुठं आहे ते दिसत नव्हतं, फक्त सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. मालनकाकी रडत होती की हसत होती कळेना. मला आनंद झाला म्हणजे किती झाला ते सांगता येणार नाही. मी रफिकभाईंना मिठी मारली. त्यांनीही मारली. माणसाची कमाई हातची गेली होती आणि तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

सारिका सांगत होती, नवा पिस्टन आहे, पहिले दिवस हळू चालवायची. पण अण्णा बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते चालवायच्या जागी बसले होते आणि कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी मामांना हाक मारली, “या की जयसिंगराव, यष्टी घावती का बघू.” मामा काय विचार करून मागे बसले ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. बेडकी बैलाच्या चालीनं अंगणातून निघाली. अण्णा ताठ, मामा त्यांना मागून घट्ट धरलेले, आणि घाईत बांधलेल्या फेट्याचा शेमला सुटून मागे तिरंग्यासारखा फडफडत चाललेला. ते एसटीच्या बाजूला वळलेच नाहीत. सरळ दरीत, स्ट्रॉबेरीच्या रानाकडे उतरले. बऱ्याच वेळानं वर आले तेव्हा मामांच्या मांडीवर दोन पेट्या होत्या आणि मिशीला लाल रस लागला होता.

“मेढ्याची मुलगी राहू दे,” उतरल्यावर मामा एवढंच म्हणाले.

आमच्या लग्नात अण्णांनी मांडवभर सगळ्यांना सांगितलं, की जावई भेसळ करतो, पण प्रमाणात करतो. रफिकभाई आहेर म्हणून ते चुंबक घेऊन आले होते. मालनकाकीची मान काही सरळ झाली नाही, पण तिच्या डोक्यावर पुन्हा पेटी चढली नाही. गावात अजून पेट्रोलपंपावर जाऊन लोक ‘विरजान द्या’ म्हणतात, आणि पंपावरचं पोरगं निमूट तेलाची पुडी काढून देतं.

हे सगळं होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अण्णा थकलेत, पण माप अजून तेच धरतात. गेल्या महिन्यात बेडकीच्या रिंगा पुन्हा बदलायला काढल्या. सोप्यात वर्तमानपत्रं पसरली, इंजिन पाटावर ठेवलं. सारिकानं चिमट्यात कडी धरली, दुसऱ्या हाताचा तळवा वर आडवा धरला आणि कडी अलगद दाबली. ती निमूट जागेवर बसली.

मी बघत राहिलो. एवढ्या वर्षांत तिच्या हातून कितीदा तरी कड्या बसल्या होत्या. प्रत्येक वेळी तळवा तसाच आडवा. एकही कडी कधी उडाली नव्हती.

“सारे,” मी म्हणालो, “तेव्हा हात आडवा का नव्हता धरलास?”

ती नट चाळत बसली. तिला वाटलं असावं, एवढ्या वर्षांनी तरी सांगायला हरकत नाही.

“इंजिन संक्रांतीपासनंच तयार होतं,” ती म्हणाली. “आईनं तेल पण आणून ठिवलं होतं. अण्णांना कोण सांगणार, तेवढंच ऱ्हायलं होतं. घरच्याचं ते ऐकत न्हाईत. चोरून घातलं असतं तर किती दिवस चोरून घालणार? म्हणून पाव्हणे यायचे म्हणलं, की मी इंजिन खोलून बसायची. चौघं येऊन गेले. एक तर इंजिनेर होता. अण्णांनी विचारलं, की चौघं बी म्हणाले, अगदी बरोबर बोललात.”

“आणि कडी?”

“ती त्या चौघांच्या वेळी बी उडवली होती. कुणी खुर्ची सोडली न्हाई. मीच शोधली.”

“पण फेट्यात गेलेली तुला दिसली होती का?”

“उडतानाच दिसली.”

“मग बोलली का नाहीस? मी कांद्यांत लोळत होतो.”

तिनं पिस्टन पुसला, त्यावरची बाणाची खूण धुराच्या नळीच्या बाजूला आहे ना ते पाहिलं, आणि ब्लॉक उचलून माझ्यापुढे धरला. मी रिंगा दाबायला बोटं पुढे केली.

“नेम कॉटखालचा होता,” ती म्हणाली. “मधी तुमच्या मामांचा फेटा आला.”